हाकेचा धोंडा

साहेब, तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत. "वृद्ध महिला पाय घसरून गरम पाण्यात पडली व मृत्यू पावली" असं लिहिलंत, खाली सही केलीत, सहीवर शिक्का मारलात. कडूबाईचा पाय घसरला नव्हता. ती पत्र्याच्या हमामखान्यात पायरीवर बसली होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. तिनं आतून पत्र्यावर थापा मारल्या. तीन थापा, मग जरा थांबून परत तीन. त्या मी ऐकल्या, माझ्या आत्यानं ऐकल्या, ओल्या अंगानं उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांनी ऐकल्या. तुमचा बंगलाही काही लांब नाही.

तेव्हा आणीबाणी होती. साहेबाविरुद्ध तोंड उघडलं की उचलून नेतात अशी हवा होती. गाव गप्प बसलं, मीही बसलो. आता लिहितो आहे. माझी बोरीला सायकलदुरुस्तीची टपरी आहे. पंक्चर काढणाऱ्याचं लिहिणं तुम्ही वाचाल की नाही ठाऊक नाही, पण मी लिहिणार. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल.

जिंतूरहून डोंगराकडं जाणारी एस.टी. फाट्यावर सोडते. तिथून तीन मैल चाललं की धूरवाडी. थंडीच्या दिवसांत सकाळी डोंगराच्या पोटातून पांढरी वाफ निघते, लांबून पाहणाऱ्याला धूर वाटतो, म्हणून गावाचं नाव तसं पडलं. काळ्या खडकात बांधलेलं जुनं कुंड आहे. बारा महिने ऊन पाणी, अंगाला सोसेल इतपत ऊन. खरूज, गुडघे, वात, पोटी पोर नसणं, कशालाही ते पाणी चालतं असं लोक म्हणतात. पौषातल्या ऐतवारी तर जत्राच भरते. वरच्या कुंडात गाव आणि गावाचे पाहुणे. त्यांच्या अंगावरून आलेलं पाणी ओघळीनं खालच्या कुंडात उतरतं. ते जनावरांचं आणि आमचं.

माझी आत्या, चांगुणाबाई, या गावात दिलेली. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूल नव्हतं. सासरा नागनाथ आणि ती, एवढंच घर. त्या घराकडं पिढ्यान् पिढ्या एक काम होतं. कुंडापासून साठ पावलांवर, ओढ्यापलीकडं, एक लांबट काळा धोंडा होता. त्यावर दोन खळगे होते, भाकरीचा उंडा बसेल एवढे. कुणी कोरलेले नव्हते. आमच्या माणसांच्या टाचांनी ते पडले होते. त्या धोंड्यावर अनवाणी बसलं की खडकाच्या आतून बारीक घुमारा टाचेत यायचा, जातं फिरावं तसा. तो घुमारा चालू आहे तोवर कुंड शांत. पण केव्हातरी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, तो एकाएकी थांबायचा. झरा दम धरायचा. आणि त्यानंतर तीन भाकरी भाजून व्हाव्यात एवढ्या वेळात तळातून उकळतं पाणी वर यायचं. घटकाभर कुंड रटरटायचं, आणि परत होतं तसं व्हायचं.

तर घुमारा थांबला की हाक द्यायची, हे आमचं काम. हाकसुद्धा साधी नाही. कुंडाजवळ यायची आम्हाला बंदी. धोंड्यावरूनच घुंगरकाठी आपटायची, कमरेत वाकायचं आणि ओरडायचं, "जोहार माय-बाप, जोहार! देवानं दम धरला जी, पायरी सोडा जी!" मग माय-बाप पायरी सोडायचे. जीव वाचवल्याबद्दल वर्षाला एक घोंगडी आणि पौषातल्या ऐतवाराचं शिळं अन्न.

छप्पन साली आम्ही धम्म घेतला. नागनाथबाबानं घरातले देव ओढ्यात सोडले आणि घुंगरकाठी वरच्या कुंडात भिरकावली. काठी बुडली, वर आली नाही. लाकूड असून वर आली नाही, हे आत्या पुढं कितीदा तरी सांगायची. बाबा म्हणाला, "आता जोहार संपला. त्यांचं त्यांनी बघावं."

त्यानंतर वीस वर्षं झऱ्यानं दम धरला नाही. नागनाथबाबा मेला. गावातली जाणती माणसं मेली. पोरांना ती गोष्ट म्हाताऱ्यांची बडबड वाटायला लागली. आत्या मात्र दिवस कलला की त्या धोंड्यावर जाऊन बसायची. काठी टाकायच्या आधी बाबाच्या टाचेला काही लागेनासं झालं होतं, तेव्हा तीच त्याच्यासाठी बसायची, ती सवय राहिली होती.

"आत्या, कामून बसतीस तिथं?" मी एकदा चिडून विचारलं.

"टाचा शेकत्यात."

"जोहार काढशील एखाद्या दिवशी."

"न्हाई काढनार रं बाबा. तुझ्या गळ्याची आन." आणि तिनं खरंच माझ्या गळ्याला हात लावला.

ही शपथ मी घ्यायला लावली होती, साहेब. ती माझ्या खात्यावर लिहून ठेवा. माझंही काही मी झाकत नाही.

मग तुम्ही तालुक्याचे साहेब म्हणून आलात. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक यावेत म्हणून कुंड सुधारायचं ठरलं. सिमेंट आलं. टेकाडावर तुमच्यासाठी बंगला झाला. कुंडाच्या एका कोपऱ्याला पाण्यात उतरणारे पत्रे ठोकून बायकांसाठी हमामखाना झाला, त्याला एकच दार. पाटी लागली, "पाणी ४७ अंश. सर्वांस खुले." ती पाटी मी दोनदा वाचली. खूश झालो. आत्याला तुम्ही झाडलोटीला रोजंदारीवर घेतलंत. पायऱ्यांवर झाडू घेऊन फिरायचं. पाण्यात पाय घालायचा नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं.

गाळ काढायला कुंड उपसलं तेव्हा तळात काठी सापडली. मजुरांनी ती फेकून दिली, आत्यानं उचलली. वीस वर्षं ऊन पाण्यात राहून लाकूड कुजलं नव्हतं. पांढरं पडलं होतं, हाडासारखं. घुंगरांवर चुन्याचं पुट चढून त्यांचे खडे झाले होते, हलवलं तरी वाजत नव्हते. तिनं ती काठी झाडू-टोपल्याच्या खोपटात आढ्याला खोवून ठेवली.

"जाळून टाक," मी म्हणालो.

"जळंना. म्या बघितलं लावून."

त्याच आठवड्यात ती तुमच्यासमोर उभी राहिली होती. मी तिच्या मागं होतो. तुम्ही खुर्ची टाकून कुंडापाशी बसला होतात.

"सायेब, हमामखान्याला दुसरं दार ठिवा. पानी कवातरी उठतंय."

"उठतंय म्हणजे?"

तिनं धोंड्याचं सांगितलं. घुमाऱ्याचं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, हे खरं. तुम्ही समजावून सांगितलंत. "बाई, हे विज्ञानाचं युग आहे. तिथं थर्मामीटर टांगलंय. पाणी तापलं तर ते सांगेल. टाच कशाला लागते?" मग माझ्याकडं पाहून म्हणालात, "तुम्ही तर शिकलेले दिसता. समजवा यांना."

मी सातवी नापास. साहेबानं शिकलेला म्हटलं, माझी छाती फुगली. मी म्हणालो, "आत्या, साहेब बरोबर बोलायलेत. सोड ते."

पंधरा दिवसांनी बंगल्याच्या रस्त्याला खडी कमी पडली म्हणून तुम्ही सुरुंग लावून तो धोंडा फोडलात. मला कळलं तेव्हा मी बोरीत चार माणसांना चहा पाजला. सात पिढ्यांच्या टाचा ज्यावर झिजल्या तो धोंडा रस्त्यात गेला, आता त्यावरून साहेबाची जीप चालेल, मला आनंदच झाला. त्या दिवशी तुम्ही आणि मी एका बाजूला होतो. हे मला अजून डाचतं.

सत्त्याहत्तरचा जानेवारी. पौषातला ऐतवार. आत्याला हिवताप येऊन गेला होता म्हणून तिला बोरीला आणायला मी शनिवारी धूरवाडीला गेलो. दिवे लागायच्या वेळी पोचलो. ती खालच्या कुंडापाशी उभी होती. गावाची गुरं ओढ्याकडून परतत होती. खालच्या कुंडापाशी आली की मान फिरवून पुढं जायची. एकही पाण्याला तोंड लावीना.

"दोन दिस झालं पीत न्हाईत," आत्या म्हणाली.

"थंडी आहे."

"थंडीत तर ऊन पानी पित्यात."

जत्रेमुळं ती त्या रात्री झाडूच्या खोपटातच राहणार होती, तिथं तिनं कंदील लावला. आढ्याला खोवलेल्या काठीकडं माझं लक्ष गेलं. वारं नव्हतं. काठी हलत नव्हती. तरी त्या चुन्यानं भरलेल्या घुंगरांतून अगदी बारीक किरकिर येत होती, दातावर दात घासावा तशी. मी आत्याकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मला धोंडा पायजे हुता रं," एवढंच म्हणाली. "धोंडा लवकर सांगायचा. पायरी उशिरा सांगती."

सकाळी सूर्य उगवायच्या आधीच कुंड भरलं. परभणीहून, पिंगळीहून, पार वसमतकडून माणसं आलेली. वाफ इतकी की पाण्यातली माणसं छातीच्या वर तेवढी दिसत. मुंडकी तरंगल्यासारखी. कुणी सूर्याला अर्घ्य देत होतं, कुणी नारळ सोडत होतं. बायकांची एक तुकडी हमामखान्यातून बाहेर पडली. दारावर तुमचा चौकीदार बन्सीधर. बाहेरच्या बायका आत घुसू नयेत म्हणून तो आत तुकडी सोडली की बाहेरून कुलूप लावायचा आणि वेळ झाली की उघडायचा. पिंगळीची कडूबाई मागं राहिली होती. दोन्ही गुडघे धरलेले, उठायला वेळ लागायचा.

तिची लेक सुलाबाई दारात हात जोडून म्हणाली, "दादा, मायला जरा बसू द्या. लय लांबून आनलंय."

बन्सीधर तसा वाईट माणूस नव्हता. तो आत डोकावून म्हणाला, "बस म्हातारे, निवांत बस. कुनी येनार न्हाई." त्यानं कुलूप लावलं. तेवढ्यात बंगल्यावरून हाक आली आणि तो दोन बादल्या कुंडातून भरून घेऊन टेकाड चढायला लागला. साहेबाचं न्हाणं होतं. साहेबाला चारचौघांत कुंडात उतरायचं नव्हतं आणि कुंडाचं पाणी तर हवं होतं.

मी वरच्या पायरीवर आत्याचं गाठोडं घेऊन बसलो होतो. ती खाली झाडत होती. झाडूचा आवाज थांबला. तिनं झाडू भिंतीला लावला, पायातल्या टायरच्या चपला काढल्या आणि खडकावर दोन्ही टाचा टेकून उभी राहिली. डोळे मिटले.

"चंदर."

"काय?"

"बंद झालं."

मला काही वेगळं दिसेना. मग दिसायला लागलं. कुंडाच्या मधोमध बारा महिने बुडबुडे येतात, त्यांच्यामुळं सोडलेले नारळ गोल फिरत राहतात. नारळ फिरायचे थांबले होते. जिथल्या तिथं उभे. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं होतं. वाफ सरळ वर चालली होती, दोरी सोडल्यासारखी. समोरच्या पिंपळावर एक पाखरू नव्हतं. शे-दीडशे माणसं बोलत होती, आणि त्यांच्या बोलण्याखाली एक मोठी गप्प जागा झाली होती. तसली शांतता मी आधी ऐकली नव्हती. आणि आत्यानं डोळे उघडले.

ती ओरडली, "बाहेर निघा! सगळे बाहेर निघा! पानी उठनार हाय!"

सरळ ओरडली. ताठ उभं राहून. माणसानं माणसाला सांगावं तसं.

एकही जण हलला नाही. एक बाप्या म्हणाला, "कोन ग तू आमाला काढनारी?"

"झाडतीस ते झाड की गुमान."

सरपंच दिनकरराव छातीएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी हसून विचारलं, "चांगुणे, सकाळी सकाळी घेतलीस काय?" सगळं कुंड हसलं. मी उठून ओरडलो, "अहो खरं सांगायली ती, निघा!" तर कुणीतरी म्हणालं, "आला बोरीचा पुढारी. आता पान्यात पन यांचं राज."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. तिला माझी परवानगी पाहिजे होती. मी नाही म्हणालो नाही आणि हो म्हणालो नाही. ती खोपटात गेली. बाहेर आली तेव्हा हातात ती पांढरी काठी होती.

तिनं काठी पायरीवर आपटली. चुन्याचा खपला उडाला. दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्यांदा आपटल्यावर घुंगरं वाजली. वीस वर्षं मुकी होती ती, अशी वाजली की माझ्या अंगावर काटा आला. आत्या कमरेत वाकली. पार वाकली, डोकं गुडघ्याला लागेल इतकी.

"जोहार माय-बाप, जोहार! देवानं दम धरला जी! पायरी सोडा जी!"

आणि कुंड हललं. साहेब, मी डोळ्यांनी पाहिलं. माणसांच्या डोक्यात काही शिरायच्या आत त्यांचे पाय निघाले. म्हातारी माणसं आधी निघाली, त्यांच्यामागं पोरं-सोरं, आणि ओलं धोतर हातात धरून सगळ्यांत पुढं दिनकरराव. ज्यांनी ही हाक कधी ऐकली नव्हती तेही निघाले. बायका लेकरं काखेत मारून पायऱ्या चढल्या. दहा दमांत कुंड रिकामं झालं.

मग पत्रा वाजला. धप, धप, धप.

सुलाबाई किंचाळली, "माय! माय आत हाय!"

"किल्ली?"

"बन्सीधर वर गेलाय!"

मी पळालो. तुमच्या बंगल्याचा रस्ता नवीन खडीचा. ती खडी आमच्या धोंड्याची. माझ्या चपला पायरीपाशीच राहिल्या होत्या, तळवे फाटले, ते नंतर कळलं. मागून थापा ऐकू येत होत्या. तीन. थांबून तीन. बन्सीधर मोरीच्या दाराबाहेर दुसरी बादली घेऊन उभा होता.

"किल्ली दे! हमामखान्याची!"

त्याचा चेहरा उतरला. "आत हाय. जुडगा आतल्या खिळ्याला अडकावला. पैली बादली ठिवताना. सायबानं आतून कडी घातली."

मी दार बडवलं. "साहेब! दार उघडा! किल्ली द्या! बाई मरायली!"

आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मग तुमचा आवाज आला. शांत आवाज, समजावून सांगणारा. "बन्सी, कोण ओरडतंय? दोन तांबे राहिलेत. थांबायला सांग त्याला."

बन्सीधरनं माझा हात धरला. सवयीनं धरला. त्याला वाटलं असेल, साहेबानं सांगितलं तर थांबलं पाहिजे. मी त्याला ढकललं आणि खांद्यानं दार हाणलं. कडी पक्की होती, तुमच्या बंगल्याचं काम पक्कं झालं होतं. एक तांब्या ओतल्याचं ऐकलं. जरा वेळानं दुसरा. मग कडी निघाली, दार चार बोटं उघडलं, आणि एका ओल्या हातात जुडगा बाहेर आला. हात स्वच्छ होता, गुलाबी झाला होता. तोंड मला दिसलं नाही.

मी खाली आलो तोवर थापा थांबल्या होत्या. कुंड रटरटून परत निवत होतं. खालच्या पायरीवर आत्या उभी होती. तिनं काठीनं कुलूप तोडायचं पाहिलं होतं, काठी मधोमध मोडली होती. मग तिनं तापलेला पत्रा हातांनी ओढला होता. तिचे दोन्ही तळहात पाहवत नव्हते. बाकीची माणसं वरच्या पायऱ्यांवर उभी होती. कुणी खाली उतरलं नव्हतं. एकदा हाक आली की पायरी सोडायची, परत उतरायची रीत नव्हती.

दार उघडलं. आत वाफेशिवाय काही दिसेना. वाफ विरळ झाली तेव्हा हिरव्या लुगड्याचा पदर पाण्यावर दिसला. मधोमध परत बुडबुडे सुरू झाले होते आणि तो पदर नारळांबरोबर गोल फिरत होता.

दुपारी तुम्ही पंचनामा केलात. थर्मामीटर सत्तेचाळीस दाखवत होतं. तुम्ही ते सगळ्यांना बोलावून दाखवलंत. दिनकररावांनी पंच म्हणून सही केली. "कुंडावर अफवा पसरवून गोंधळ माजवला" म्हणून आत्याला कामावरून काढलंत. बन्सीधरची बदली झाली. तुमचीही झाली, वरच्या जागेवर.

चौथ्या दिवशी दिनकरराव आमच्या वस्तीवर आले. आमच्या दारात ते पहिल्यांदाच आले असतील. मागं गडी, त्याच्या हातात ताटात लुगडं आणि नारळ.

"चांगुणाबाई, तुझ्या जोहारानं गाव वाचलं ब्वा. आमी बसून ठरवलंय, हाकेचा मान परत तुमच्या घराला द्यायचा. दरसाल पौषात. नवी काठी गाव करून देईल."

आत्याच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. तिनं ताटाकडं पाहिलं.

"मालक, म्या आदी काय वरडले?"

"आदी? ते काय आमाला नीट ऐकू आलं न्हाई."

"तुमी हसला."

दिनकररावांनी ताटातला नारळ सरळ केला.

"लुगडं पिंगळीला पोचवा," आत्या म्हणाली. "सुलाबाईच्या हातात द्या. तुमी सोता जाऊन द्या. आन सांगा तिला, कुलूप हुतं म्हनून."

ताट परत गेलं. पिंगळीला पोचलं नाही, मी सुलाबाईला विचारलं आहे.

मी आत्याला बोरीला आणलं. एस.टी.त बसल्यावर ती म्हणाली, "चंदर, म्या तुझी आन मोडली."

"माणसं वाचली आत्या."

"वाचली." "पन जोहारानं वाचली रं. मी सादं सांगितलं, त्यानं न्हाई. त्याच येळंला निघाली असती तर तू लवकर वर गेला असतास."

याचा हिशेब मी केला नव्हता. तिनं केला होता. आधीची हाक, हसणं, तिचं माझ्याकडं पाहणं, खोपटात जाणं, काठी तीनदा आपटणं. धोंडा असता तर त्याहूनही आधी. आणि मी गप्प राहिलो ते क्षणही त्यातच.

आता ती माझ्याजवळच असते. हात बरे झाले, बोटं मिटत नाहीत. टपरीपुढं पाणी साचू नये म्हणून मी एक दगड टाकला आहे, त्यावर ती दिवसभर बसते, अनवाणी. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारी उन्हाला बसली आहे. धूरवाडी इथून किती लांब. मधे डोंगर, नदी, माळ. परवा मी चाक सरळ करत होतो, ती म्हणाली, "ठोकायलीय."

"कोण?"

"कडूबाई. इकडं ये, टाच लाव."

मी हसण्यावारी नेणार होतो. विज्ञानाचं युग आहे असं म्हणणार होतो. हातातलं चाक खाली ठेवलं, चप्पल काढली आणि तिच्या शेजारी दगडावर टाच टेकली. रस्त्यावरून ट्रक गेला. तो लांब गेल्यावर टाचेत बारीक घुमारा आला, जात्यासारखा. त्या घुमाऱ्यात, अगदी आत, तीन ठोके. मग थांबून परत तीन.

मी टाच काढून घेतली. आत्यानं काढली नाही.

साहेब, तुम्ही आता जिथं असाल तिथं जमिनीला टाच लावून पाहा. नसेल लावायची तर राहू द्या, खालच्या तीन प्रश्नांची उत्तरं तेवढी कागदावर लिहून, सही-शिक्क्यानिशी पाठवा. किल्ली तुमच्या मोरीतल्या खिळ्याला होती की नव्हती? "बाई मरायली" असं मी ओरडलो ते तुम्हाला ऐकू आलं की नाही? आणि ऐकू आल्यावर जे दोन तांबे तुम्ही अंगावर घेतलेत, ते कशासाठी घेतलेत? जवाब द्या.